वाचकांचे प्रश्न : शिंगराचा धनुर्वात आणि घोडीची लस

प्रश्न : टेबललँडवर पर्यटकांना फिरवण्यासाठी आमच्याकडे दोन घोडे आणि एक घोडी आहे. घोडी माघी पौर्णिमेच्या सुमारास फळवली असून तिला आजवर कोणतीही लस दिलेली नाही. गेल्या वर्षी शेजाऱ्यांचे शिंगरू जन्मल्यापासून बाराव्या दिवशी ताठून मेले आणि डॉक्टरांनी धनुर्वात सांगितला. आमच्या शिंगराला जन्मल्याबरोबर टीटी (धनुर्वाताची लस) टोचून घेतली तर चालेल का?
— एक वाचक, पाचगणी परिसर, जि. सातारा

उत्तर : नुकताच दसरा झाला आहे, म्हणजे आपल्या हातात अजून वेळ आहे, मात्र इंजेक्शन शिंगराला नव्हे, घोडीला द्यायचे आहे. लस टोचली की संरक्षण लगेच मिळत नाही. लसीमुळे शरीर स्वतः प्रतिद्रव्ये, म्हणजे रोगाशी लढणारे रक्तातले घटक, तयार करू लागते, त्याला काही आठवडे लागतात, आणि नवजात शिंगराच्या शरीराला ते काम नीट जमतही नाही. धनुर्वाताचे जंतू बीजाणूंच्या रूपाने मातीत आणि घोड्याच्या लिदीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. शिंगराची ओली नाळ तबेल्याच्या जमिनीला टेकली की त्यांना आत शिरायला वाट मिळते. जखम झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे एक ते तीन आठवडे जातात, त्यामुळे आपण सांगितलेला बारावा दिवस या हिशोबात बसतो.

घोडीच्या वारेतून गर्भाला प्रतिद्रव्ये मिळत नाहीत, त्यामुळे शिंगरू जवळजवळ रिकाम्या हाताने जन्माला येते आणि त्याला जे मिळते ते पहिल्या चिकातून मिळते. तेही पहिले काही तासच, कारण चिकातील प्रतिद्रव्ये जशीच्या तशी रक्तात घेण्याची आतड्याची क्षमता झपाट्याने कमी होत जाते आणि पहिला दिवस सरता सरता संपते. चिकात धनुर्वाताविरुद्धची प्रतिद्रव्ये भरपूर असावीत यासाठी घोडीला व्यायच्या 4 ते 6 आठवडे आधी लस देतात. पूर्वी लस घेतलेल्या घोडीला त्या वेळी एकच वर्धक (बूस्टर) मात्रा पुरते, परंतु आपल्या घोडीला 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतील. घोडी सुमारे 11 महिने गाभण राहते, तेव्हा ती पौष अमावास्येच्या आसपास व्यावी. त्यावरून पहिली मात्रा कार्तिक वद्यात आणि दुसरी मार्गशीर्ष वद्यात येते. फळवल्याची तारीख मात्र आपल्या आठवणीवर सोडू नये. घोडी डॉक्टरांना दाखवून दिवस पक्के करून घ्यावेत.

लस 2 ते 8 अंश सेल्सियस तापमानात राहावी लागते. घाट चढून येईपर्यंत ती पिशवीत कोमट झाली असेल, तर टोचूनही तिचा भरवसा धरता येत नाही. माणसांची टीटी औषधाच्या दुकानातून आणून अंदाजाने टोचण्याची पद्धत आपल्याकडे बरीच आहे, ती मला मान्य नाही.

व्याल्यानंतर नाळ पशुवैद्यकांनी सांगितलेल्या जंतुनाशकात बुडवावी आणि शिंगरू दोन-तीन तासांत उभे राहून चीक पिते आहे ना, हे जागे राहून पाहावे. ते अशक्त असेल तर चीक काढून पाजावा लागतो. घोडीची लस वेळेवर झाली असेल तर शिंगराची स्वतःची लस 4 ते 6 महिन्यांच्या वयात सुरू करावी, कारण त्याआधी आईकडून आलेली प्रतिद्रव्येच लसीच्या आड येतात. दुसरी मात्रा त्यानंतर 4 ते 6 आठवड्यांनी आणि तिसरी 10 ते 12 महिन्यांच्या वयात द्यावी. एखाद्या कारणाने घोडीची लस राहूनच गेली, तर शिंगराची लस 1 ते 4 महिन्यांच्या वयातच सुरू करून चार-चार आठवड्यांनी तीन मात्रा देतात, आणि जन्मल्यावर तात्पुरते सीरम (तयार प्रतिद्रव्यांची सुई) द्यायचे का, हे डॉक्टर ठरवतात.

प्रश्न : आमच्या बग्गीच्या घोड्याच्या खुरात खिळा घुसला होता, तेव्हा त्याला धनुर्वाताची सुई दिली होती. त्याला चार महिने झाले. आता डॉक्टर म्हणतात, लस पुन्हा सुरू करा. एकदा सुई दिल्यावर पुन्हा कशाला?
— एक वाचक, मिरज, जि. सांगली

उत्तर : आपण वर्णन केले आहे त्यावरून ती सुई बहुधा ‘एटीएस’ची, म्हणजे विषनाशक सीरमची असावी. लस आणि सीरम या दोन्हींना लोक ‘धनुर्वाताची सुई’ म्हणतात आणि सारा घोटाळा तिथेच होतो. सीरममध्ये दुसऱ्या घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये असतात. ती लगेच कामाला लागतात, पण सुमारे तीन आठवड्यांत विरून जातात. लसीत मात्र जंतूचे विषच, मारकपणा काढून घेऊन, दिलेले असते. बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी विषनाशक सीरमचे तत्त्व 1890 मध्ये मांडले आणि पुढे 1920 च्या दशकात फ्रान्समधील पशुवैद्य गास्तों रामों यांनी फॉर्मॅलिन व उष्णता वापरून विषाचे लसीत रूपांतर केले. तेव्हापासून घोड्याच्या रोजच्या रक्षणासाठी सीरमवर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. शिवाय सीरमनंतर काही आठवड्यांनी क्वचित एखाद्या घोड्याला यकृताचा गंभीर, बहुधा प्राणघातक आजार होतो, त्यामुळे ते गरजेपुरतेच वापरावे.

आपल्या घोड्याचे सीरमचे संरक्षण केव्हाच संपले आहे. त्याला 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने लसीच्या दोन मात्रा द्याव्यात आणि पुढे दरवर्षी एक. मोठी जखम झाली किंवा घोडा खच्ची करायचा असला आणि शेवटच्या मात्रेला सहा महिने उलटून गेले असले, तर वर्ष भरण्याची वाट न पाहता वर्धक मात्रा द्यावी. वाहत्या, उघड्या जखमेपेक्षा खिळ्याचे बारीक छिद्र अधिक घातक असते, कारण ते वरून मिटते आणि आत हवा पोहोचत नाही. या जंतूला नेमके तेच हवे असते. म्हणून तळव्यात रुतलेला खिळा दिसला तर तो कुठे आणि किती खोल गेला होता हे नालबंदाने डॉक्टरांना दाखवावे, नुसती हळद भरून मोकळे होऊ नये.

प्रश्न : धनुर्वातातून वाचलेल्या घोड्याला लस लागते का? आणि त्याच्यापासून तबेल्यातील इतर घोड्यांना रोग लागतो का?
— एक वाचक, खटाव, जि. सातारा

उत्तर : लस लागते. रोग होण्यासाठी जेवढे विष पुरते, तेवढ्याने शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही, त्यामुळे वाचलेला घोडा पुन्हा तितकाच उघडा असतो. हा रोग एका घोड्याकडून दुसऱ्याला लागत नाही, परंतु ज्या जमिनीवर एकाला झाला त्याच जमिनीवर बाकीचेही उभे असतात, म्हणून सर्वांच्या लसीच्या तारखा तपासाव्यात. पाळीव जनावरांत या विषाला घोड्याइतके संवेदनशील दुसरे कोणी नाही. कान ताठ, शेपूट किंचित उचललेली, चाल लाकडी, आणि हनुवटीखाली हलकेच थोपटल्यावर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील पांढुरका पडदा पटकन बुबुळावर सरकतो, हे दिसले तर घोडा अंधाऱ्या, शांत जागी बांधावा, त्याच्याभोवती गर्दी व आवाज होऊ देऊ नये आणि त्याच तासाला पशुवैद्यकांना बोलवावे. जबडा बसल्यानंतर उपचार फार अवघड होतात.