सेन्सर ड्रायव्हर 'रिसोर्स बिझी' म्हणतोय, 'लॅक्स' लावू का?

तुमचा प्रश्न असा: लिनक्सवर मदरबोर्डच्या सेन्सरसाठी एनसीटी६७७५ ड्रायव्हर लोड केला की 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' येतं, आणि जो तो सांगतो की बूट करताना कर्नलला 'एसीपीआय_एनफोर्स_रिसोर्सेस=लॅक्स' हा पर्याय द्या, म्हणजे ही अडवणूक सैल होते. द्यावं का?

लगेच नको. इथे कर्नल बिघडलेलं नाही, ते मुद्दाम अडवतंय. डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, 'कॉन्फ्लिक्ट' शोधा. सहसा असं दिसेल: हेक्स २९५-२९६ हे पोर्ट (चिपशी बोलायचे पत्ते) २९०-२९९ या ऑपरीजनशी, म्हणजे बायोसने जाहीर केलेल्या पट्ट्याशी, भिडतात. म्हणजे ड्रायव्हरला हवे असलेले पोर्ट बायोसच्या एसीपीआय कोडनेही (बायोसने ऑपरेटिंग सिस्टिमला दिलेल्या टेबलांतला कोड) आपले म्हणून जाहीर केलेत.

भांडण का होतं ते समजून घ्या. चिपमध्ये शेकडो रजिस्टर, पण आत जायला दारं दोनच. २९५ वर रजिस्टरचा नंबर लिहायचा आणि २९६ वरून किंमत वाचायची. ड्रायव्हरने तापमानासाठी २७ लिहिलं आणि वाचायच्या आत बायोसच्या कोडने २९५ वर दुसराच नंबर टाकला, की ड्रायव्हरच्या हातात भलतीच किंमत येते. बँक, म्हणजे रजिस्टरांचा गट, बदलणारं ४ई रजिस्टर मध्येच हललं तरी तेच. ड्रायव्हरचं लॉक बायोसच्या कोडला बांधील नसतं. वाचताना आकडा चुकेल एवढंच, पण लिहिताना घोळ झाला तर पंखा बंद पडू शकतो. खरी भीती तीच आहे.

म्हणून आधी तो पोर्ट खरंच कोण वापरतंय ते बघा. लॉगमध्ये ऑपरीजनचं चार अक्षरी नाव असतं. एसीपीआयडम्प कमांडने एसीपीआयची टेबलं काढा, त्यातलं मुख्य डीएसडीटी आणि सगळ्या पुरवणी एसएसडीटी आयएएसएलने वाचता येतील अशा उलगडा, आणि त्या नावाखालची फील्ड कुठल्या मेथडमध्ये येतात ते शोधत वर जा. थर्मल झोनच्या '_टीएमपी'पर्यंत (तापमान सांगणारी मेथड) किंवा एखाद्या इव्हेंटपर्यंत धागा पोहोचला तर तो कोड केव्हाही चालू शकतो. तिथे लॅक्स लावू नका. फक्त डब्ल्यूएमआयमधून (ऑपरेटिंग सिस्टिमने बायोसचा कोड बोलवायची सोय) बोलावला जात असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिमने मागितल्याशिवाय तो चालत नाही. कुणीच वापरत नसेल तर धोका बराच कमी. मात्र बायोसचा एसएमएम कोड (ऑपरेटिंग सिस्टिमच्या नकळत चालणारा) या टेबलांत दिसत नाही, त्यामुळे 'शून्य धोका' कधीच म्हणता येत नाही.

आसुसचा बोर्ड असेल तर आधी कर्नल बघा. ५.१७ पासून हाच ड्रायव्हर आसुसच्या बऱ्याच बोर्डांवर थेट पोर्टला हात न लावता डब्ल्यूएमआयमधून वाचतो, म्हणजे भांडणच मिटतं. चिप आयटीई या कंपनीची असेल तर नव्या कर्नलात आयटी८७ ड्रायव्हरला 'इग्नोर_रिसोर्स_कॉन्फ्लिक्ट=१' देता येतं. लॅक्सपेक्षा हे बरं, कारण लॅक्स सगळ्याच ड्रायव्हरांची अडवणूक उठवतं. त्यात एसएमबस या मदरबोर्डवरच्या छोट्या बसचा आय८०१ ड्रायव्हरही आला, आणि त्याच बसवर रॅमच्या पट्ट्यांची एसपीडी मेमरी (पट्टीची माहिती साठवणारी) असते.

आणि हवंय फक्त सीपीयूचं तापमान? मग कोअरटेम्प (इंटेल) किंवा के१०टेम्प (एएमडी) हा ड्रायव्हर पुरे आहे, या पोर्टच्या वाटेला जाऊच नका.

एवढं करूनही लॅक्सच लागत असेल, तर ग्रबच्या मेनूत 'ई' दाबून एका बूटपुरतं द्या. सेन्सर्स कमांड तासभर वॉचखाली (तीच कमांड पुन्हा पुन्हा चालवणारी कमांड) चालू ठेवा. आकडा मध्येच शून्यावर किंवा १२७ वर उडी मारून परत येत असेल, तर टक्कर होत असल्याचा दाट संशय धरा आणि तो पर्याय काढा. आकडे स्थिर राहिले तरी ड्रायव्हर वाचण्यापुरताच ठेवा. पंख्याचा वेग बदलणारे पीडब्ल्यूएमकॉन्फिग आणि फॅनकंट्रोल चालवू नका, पंख्याचा वेग बायोसमधूनच ठरवा.