काकू, घर मुलाच्या नावावर करायची घाई नको

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या एका काकूंचा प्रश्न आलाय. वय ६८, काका गेल्या वर्षी गेले, १९९८ साली घेतलेलं घर आता एकट्या काकूंच्या नावावर, कर्ज फिटलेलं. प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला ८ हजार डॉलरच्या घरात गेलाय, हातात फक्त सोशल सिक्युरिटी आणि पुण्यातल्या एफडीचं व्याज. डॅलसचा मुलगा म्हणतो, घर माझ्या नावावर कर, टॅक्स मी भरतो. काकूंनी ऐकलंय की टॅक्ससाठी सरकार कर्ज देतं, पण मग घर जप्त होईल का ही भीती.

काकू, आधी एकच सांगतो, बक्षीसपत्रावर सही करू नका. प्रॉप १३ या कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे तुमच्या घराची करापुरती किंमत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही, म्हणून आज बिल ८ हजार आहे. मुलगा त्या घरात राहणार नाही, त्यामुळे प्रॉप १९ कायद्याची सवलत (आईवडिलांची जुनी करापुरती किंमत मुलाला पुढे चालू ठेवता येणं) त्याला मिळणार नाही, आणि घर त्याच्या नावावर झालं की आजच्या बाजारभावाने नव्याने आकारणी होणार, बिल दुप्पट काय तिप्पटसुद्धा होऊ शकतं. शिवाय उद्या त्याने विकलं तर नफा मोजताना बक्षीस मिळालेल्या घराला तुमचीच किंमत चिकटते (काकांच्या वाट्यापुरती, कधीकधी पूर्ण घराचीही, ती काका गेले तेव्हाच्या भावाने धरतात), आणि वरच्या नफ्यावर टॅक्स. हेच घर वारसाने आलं तर किंमत तुमच्या मृत्यूच्या वेळची धरतात. प्रेमापोटी केलेली सही पोराला महागात पडते.

तुम्ही ऐकलंय ती योजना म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट कंट्रोलरची प्रॉपर्टी टॅक्स पोस्टपोनमेंट, म्हणजे टॅक्स पुढे ढकलण्याची सोय. वय ६२ किंवा जास्त, घरात स्वतः राहणं, घराच्या किंमतीत कर्ज वगळून किमान ४० टक्के स्वतःचा वाटा, या तिन्हीत तुम्ही बसता. उत्पन्नाची मर्यादा सध्या ५५ हजार डॉलरच्या आसपास आहे, दरवर्षी बदलते, आणि त्यात पुण्याचं व्याजही धरायचं, ते लपवू नका. राज्य तुमचा चालू वर्षाचा कर काउंटीला भरतं (जुना थकलेला नाही), त्यावर ५ टक्के साधं व्याज लागतं, आणि घरावर बोजा चढतो.

जप्ती वगैरे काही नाही हो. घर विकलं, दुसरीकडे राहायला गेलात, नावावरून काढलं, रीफायनान्स किंवा रिव्हर्स मॉर्टगेज (घर तारण ठेवून ज्येष्ठांना मिळणारं कर्ज) घेतलं, किंवा तुमच्यानंतर, तेव्हा पैसे परत करायचे. समजा १० वर्षं दरवर्षी ८ हजार पुढे ढकलले, तर मुद्दल ८० हजार, व्याज साधारण २२ हजार. मुलाच्या खिशावर तो बोजा नाही, घराच्या किंमतीतून फिटतो.

अर्ज १ ऑक्टोबर ते १० फेब्रुवारी, दरवर्षी नव्याने, आणि निधी मर्यादित असतो म्हणून पहिल्याच आठवड्यात टाका. पण अर्ज दिला म्हणजे टॅक्स भरला असं समजू नका. १० डिसेंबरपर्यंत मंजुरी नाही आली तर पहिला हप्ता भरा, नाहीतर १० टक्के दंड बसतो. बिलात शाळेचा पार्सल टॅक्स (शाळांसाठी घरामागे लागणारा वेगळा कर) दिसला तर स्कूल डिस्ट्रिक्टला ज्येष्ठांची सूट आहे का विचारा, बऱ्याच ठिकाणी ६५ नंतर मिळते पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

आणि मुलाला खरंच हातभार लावायचा असेल तर एखादा हप्ता त्याने भरावा की, घर तुमच्याच नावावर ठेवून.