करवती काठाची साडी विणायला खरंच दोन माणसं लागतात का, की दुकानदार भाव वाढवायला तसं सांगतात?

तुम्ही लिहिलंय की इतवारीतल्या एका दुकानात कोसा करवतीचा, म्हणजे टसर रेशमाच्या करवती काठाच्या साडीचा, भाव ऐकून तुम्ही मागे फिरलात. दुकानदार म्हणाला, "एका मागावर दोन माणसं बसतात," आणि तुम्हाला ती विकायची युक्ती वाटली. खरी साडी कशी ओळखायची आणि नागपुरात कुठे घ्यायची, हेही तुम्ही विचारलंय.

दोन माणसं लागतात. आमच्या घरच्या मागावर ते दुसरं माणूस मी होते.

नागपूरच्या टांडापेठेत आमच्या पुढच्या खोलीत खड्डामाग होता. बाबा खड्ड्यात पाय सोडून बसत, मी त्यांच्या डाव्या हाताला, मागाच्या दुसऱ्या टोकाशी. वय वर्षं नऊ. आडवा धागा इकडून तिकडे नेणारे धोटे तीन असतात. मधल्या धोट्यात अंगाचा, म्हणजे दोन काठांमधल्या साडीचा, कोशाचा धागा आणि दोन काठांच्या दोन धोट्यांत रंगीत सूत. बाबा त्यांच्याकडच्या काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून मधला धोटा माझ्याकडे सोडत. माझ्या काठाचा धागा त्यात अडकवून माझा धोटा फिरवायचा, हे माझं काम. त्या अडकवण्याला सांधा म्हणायचं. मग बाबा फणी ठोकत, पाय बदलत, आणि तेच सगळं उलटीकडून. दर धाग्याला हे. माझं लक्ष रस्त्यावर गेलं की बाबा म्हणत, "कायले तिकडे पाहून राहिली वं, सांध्याकडे पाय." दिवसाकाठी हात-दीड हात कापड उतरलं तर चांगला दिवस.

एवढा खटाटोप कशासाठी, तर एकच धोटा या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला तर कोशाचा मधासारखा रंग काठाच्या लालात मिसळतो आणि काठ मळकट दिसतो. काठाला स्वतःचा वेगळा बाणा, म्हणजे आडवा धागा, असला की लाल तो लालच राहतो. काठ आणि अंग जिथे भेटतात तिथे करवतीसारखे दाते काढतात, नाव त्यावरून. कांचीपुरमला अशाच जोडणीला कोरवाई म्हणतात आणि तिथेही दुसऱ्या काठाशी मदतनीस बसवायची जुनी रीत आहे. तेव्हा दुकानदारानं तुम्हाला फसवलेलं नाही.

आता माझ्या मोठ्या भावाबद्दल लिहिते, कारण तुमचा प्रश्न वाचून तेच आधी आठवलं. तो गिरणीत कामाला होता. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, आणि त्याला दिसायची ती तयार झालेली साडी. त्याच्या मुलीच्या लग्नात वहिनीनं बाबांच्या हातची करवती नेसली होती. पाहुणे काठ हातात घेऊन बघत होते आणि दादा प्रत्येकाला सांगत होता, "आमच्या बाबांनी एकट्यानं विणली." मी जवळ गेले आणि म्हटलं, "दादा, एकट्यानं नाही." तो म्हणाला, "तू तं नुसती बसून राहायची."

ती साडी मला पाठ आहे. पदरापासून साधारण दोन हातांवर, खालच्या काठात, एका दात्याच्या मुळाशी सांधा सुटलेला आहे. दिवाळीआधीची घाई होती, रात्री कंदिलाजवळ विणत होतो आणि मला डुलकी लागली. पाच-सहा धागे अडकलेच नाहीत. बाबांच्या ध्यानात आलं तेव्हा वर चार बोटं कापड झालेलं होतं. त्यांनी उसवलं नाही. सुई घेतली, कोशाच्याच धाग्यानं ती फट आतून शिवली आणि रागावलेही नाहीत, फक्त म्हणाले, "आता झोप." ती साडी मग विकायला न देता घरातच ठेवली, पुढे वहिनीला दिली. लग्नाच्या मांडवात मी वहिनीच्या पदराजवळचा काठ हातात घेऊन दादाला तो दाता दाखवला. त्यावर बोट ठेवलं की शिवण अजून लागते. दादानं पाहिलं आणि म्हणाला, "धुताना फाटलं असंल." या गोष्टीला बारा वर्षं झाली. आजही कोणी साडीचा विषय काढला की तो तेच वाक्य बोलतो आणि मी तेच उत्तर देते.

दादावर एकट्यावर राग काढणं बरोबर नाही, हिशेबच तसा होता. सूत द्यायचा त्या व्यापाऱ्याच्या वहीत मजुरी साडीमागे लिहिली जायची, बाबांच्या नावानं. आई रहाटावर कांड्या भरायची, त्याची नोंद नाही. मी काठाशी बसायची, त्याचीही नाही. आणि कोशाचा धागा आमच्यापर्यंत पोचायच्या आधीच काय झालेलं असतं पाहा. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर धीवर लोक कोसा राखतात. कोष उकळून बायका उघड्या मांडीवर धागा वळत असत, मांडीची कातडी सोलून निघेपर्यंत. अलीकडे त्यासाठी बुनियाद नावाचं यंत्र आलंय, फार बरं झालं. पण तुमच्या साडीचा भाव जास्त वाटतो तेव्हा त्यात ही सगळी माणसं धरा. मला विचाराल तर करवतीत घासाघीस करूच नये. परवडत नसेल तर सुती साडी घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

ओळखायचं म्हणाल तर धागा जाळून पाहणं वगैरे तुम्हाला माहीत असेलच. 2004 पासून सिल्क मार्क आहे, तो रेशीम खरं आहे एवढंच सांगतो. 2006 पासून हातमागाची खूण आहे, ती हातावर विणलं एवढं सांगते. करवतीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण सांधा खरा की नुसता दिसायला, हे यातलं काहीच सांगत नाही. त्यासाठी साडी उजेडात धरा आणि काठाजवळ डोळा न्या. अंगाचा धागा काठापाशी येऊन काठाच्या धाग्याला वळसा घालून परत फिरलेला दिसला पाहिजे. सरळ काठात घुसून कडेपर्यंत गेला असेल तर ती तीन धोट्यांची नाही.

एक सांगायचं राहिलं. एका धोट्याची साडी म्हणजे खोटी साडी असं मला म्हणायचं नाही, तीही विणकरानंच विणलेली असू शकते, फक्त तिचा भाव करवतीचा नको. आणि नऊ वर्षांच्या पोरीला मागावर बसवणं योग्य होतं असंही मी म्हणत नाही. माझी मुलगी कधी बसली नाही आणि मी बसवलं नसतं. आता दुसऱ्या टोकाला मोठं माणूस बसतं, बहुतेक घरातलीच बाई, आणि तिची मजुरी वेगळी मिळते का, हे दुकानात जरूर विचारा.

घ्यायची असेल तर भंडाऱ्याजवळ आंधळगावला जा, मोहाडी तालुक्यात. नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं आणि विणणाऱ्याच्या घरातच साडी पाहायला मिळते. तेवढा वेळ नसेल तर हातमाग महामंडळाचं मुख्यालय नागपुरातच आहे, तिथे चौकशी करा. इतवारीतच घ्यायची ठरवली तर दुकानदार घडीच्या वरचा काठ दाखवेल. पूर्ण साडी उलगडायला लावा आणि दुसरा काठही तितक्याच बारकाईनं पाहा.