वाचकांचे प्रश्न : डरहॅमची खाणगावे

प्रश्न : माझी कन्या इंग्लंडमधील डरहॅम येथे शिकते. शहराच्या पश्चिमेला बसने जाताना शेतांच्या मधोमध विटांच्या घरांची एखादी सलग रांग एकटीच उभी दिसते, आणि तिच्या आसपास ना जुने चर्च असते ना शेतकऱ्यांची घरे. ही गावे अशी अर्धवट का वाटतात? काउंटी कौन्सिलनेच (तेथील जिल्हा परिषदेनेच) ती मोडीत काढायचे ठरवले होते, असे तिला कोणी सांगितले. ते खरे आहे काय?

उत्तर : होय, ते खरे आहे. ही गावे शेतीमुळे वसलेली नाहीत. एकोणिसाव्या शतकात कोळशाचा थर जेथे सापडेल तेथे उभा शाफ्ट खोदला जाई आणि दिवसरात्र पाळ्यांत काम करणारी माणसे खाणीच्या तोंडाशीच राहावीत म्हणून खाणमालक तेथे घरांच्या रांगा बांधून देत. घर आणि चुलीसाठी कोळसा हा मजुरीचाच भाग मानला जाई. नोकरीबरोबर घरही जात असे. १८४४ च्या मोठ्या संपात कित्येक कुटुंबांना सामानासह रस्त्यावर काढण्यात आले होते.

पश्चिम डरहॅममध्ये कोळसा जमिनीच्या जवळ होता, म्हणून तो आधी काढला गेला आणि आधी संपला. पूर्वेला तो चुनखडीच्या जाड थराखाली होता. त्यामुळे ईझिंग्टन आणि हॉर्डन यांसारख्या खोल व प्रचंड खाणी विसाव्या शतकाच्या आरंभीच उभ्या राहिल्या. पश्चिमेच्या गावांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर कौन्सिलपुढे आला आणि १९५१ च्या विकास आराखड्यात तिने काउंटीतील वस्त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी केली. 'ड' वर्गात ११४ गावे पडली. या गावांत यापुढे मोठा खर्च करायचा नाही, नवी घरे बांधू द्यायची नाहीत, जुनी राहण्यायोग्य उरली नाहीत की पाडायची आणि कुटुंबांना अन्यत्र हलवायचे, असे ते धोरण होते. न्यूटन एक्लिफ आणि पीटरली ही नवी शहरे त्याच काळात आकाराला येत होती.

आराखडा करणाऱ्यांचा हेतू दुष्ट नव्हता, हे येथे नोंदवले पाहिजे. ओलसर, दाटीच्या आणि अंगणापलीकडे शौचालय असलेल्या घरांतून माणसांना बाहेर काढावे, असे त्यांना मनापासून वाटत होते. परंतु त्यांनी गावाचे आयुष्य खाणीतील कोळशावरून मोजले, आणि येथेच त्यांची चूक झाली असे मला ठामपणे वाटते. तोपर्यंत या गावांनी मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाची प्रार्थनागृहे, सहकारी भांडारे, कामगार क्लब, पितळी वाद्यांची पथके आणि भाजीचे वाफे स्वतःच्या कष्टाने उभे केले होते, आणि गावची खाण बंद पडल्यावर पुरुष बसने दुसऱ्या खाणीवर किंवा कारखान्यात जाऊ लागले होते. 'ड' चा शिक्का बसल्यावर मात्र रस्ते आणि गटारांची दुरुस्ती रेंगाळली, घर घ्यायला किंवा सुधारायला कर्ज मिळेना, तरुण कुटुंबे निघून गेली, आणि या ओढवून आणलेल्या पडझडीचाच पुरावा पुढे घरे पाडण्यासाठी दिला जाऊ लागला. बिशप ऑकलंड या शहराजवळच्या विटन पार्क गावात अशाच रांगामागून रांगा पाडल्या गेल्या. तरीही ते गाव हटले नाही. इतर ठिकाणीही रहिवाशांनी सभा घेतल्या, अर्ज केले, हरकती नोंदवल्या. १९७७ मध्ये धोरण रद्द झाले तेव्हा पूर्णपणे नाहीशी झालेली गावे थोडीच होती. बहुतेकांच्या काही रांगा गेल्या आणि काही उरल्या. आपल्या कन्येला दिसतात त्या बहुधा अशाच उरलेल्या रांगा असाव्यात.

प्रश्न : खाणींतून निघालेल्या दगडमातीच्या ढिगांचे काय झाले?

उत्तर : बरेचसे ढीग सपाट करून त्यांवर गवत आणि झाडे लावली गेली. पूर्व किनाऱ्यावर मात्र खाणींतील टाकाऊ माल अनेक दशके थेट समुद्रात लोटला जात होता आणि त्यामुळे तेथील वाळू काळी पडली होती. १९९७ ते २००२ या काळात मोठी सफाई मोहीम झाली. उरलेला थर समुद्र स्वतःच हळूहळू झिजवत आहे.

प्रश्न : आता तेथे एकही खाण नाही. मग खाणगाव म्हणून काही उरले आहे का?

उत्तर : डरहॅम कोळसाक्षेत्रातील शेवटची खोल खाण, संडरलंडची वेअरमाउथ, १९९३ मध्ये बंद झाली. त्यानंतरची बेकारी आणि खाणीतील धुळीने जडलेले फुप्फुसांचे आजार या गावांनी दीर्घकाळ सोसले आहेत, आणि केवळ सुंदर निसर्ग पाहायला जाणाऱ्याने हे विसरू नये. पण कामगारांनी स्वतः उभारलेल्या संस्था खाणींपेक्षा अधिक टिकल्या. वृद्ध खाणकामगारांना फुकट घरे मिळावीत म्हणून १८९८ मध्ये स्थापन झालेली संस्था आजही भाड्याची घरे चालवते. कोळशाच्या जुन्या रेल्वेमार्गांवर आता पायवाटा आहेत. त्यांपैकी डिअरनेस खोऱ्यातील वाट अशर मूर, एश विनिंग आणि वॉटरहाउसेस या गावांजवळून क्रूकपर्यंत जाते, आणि आपल्या कन्येने ती जरूर चालावी.

सर्वांत जिवंत गोष्ट म्हणजे १८७१ मध्ये सुरू झालेला डरहॅमचा खाणकामगार मेळावा. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी प्रत्येक गाव आपला रेशमी ध्वज घेऊन वाद्यपथकामागे शहरातून चालत जाते आणि दुपारी नव्या ध्वजांना कॅथीड्रलमध्ये आशीर्वाद दिला जातो. ज्यांची खाण पन्नास वर्षांपूर्वी बंद झाली अशी गावेही वर्गणी काढून ध्वज नव्याने करवून घेतात. त्या दिवशी शहरातील रस्ते वाहनांसाठी बंद असतात, त्यामुळे मेळाव्याला जायचे असल्यास सकाळी लवकर पोहोचावे.