'वाहक' शब्द आणि 'निघाली' क्रियापद

प्रश्न जत तालुक्यातून आला आहे. विचारणाऱ्याच्या ताईला दिवस गेले आहेत. मिरजेला रक्त तपासलं, अहवालात 'बीटा थॅलेसेमिया ट्रेट' आलं (थॅलेसेमिया हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार; 'ट्रेट' म्हणजे आजार नाही, त्याचं जनुक तेवढं अंगात आहे) आणि सोबतच्या मराठी माहितीपत्रकात 'वाहक' हा शब्द होता. तेव्हापासून सासरी एकच वाक्य फिरतंय: "पोरगी वाहक निघाली, आमच्या घरात रोग घेऊन आली." हा शब्दच चुकीचा आहे का, दुसरा कुठला आहे का, आणि बाईसाठी 'वाहिका' लिहावं का, असं त्यांनी विचारलंय. जाता जाता हेही लिहिलंय की ताई आत्याच्याच घरी दिली आहे. दाजी म्हणजे सख्ख्या आत्याचा मुलगा.

'वाहिका' लिहू नका. मराठीत वाहिका म्हटलं की रुग्णवाहिका डोळ्यांपुढे येते. एसटीत तिकीट देणाऱ्या बाईलाही आपण 'महिला वाहक'च म्हणतो. ताईसाठीही 'वाहक'च ठेवा.

या शब्दाच्या मुळाशी संस्कृतातला 'वह्' धातू आहे, वाहून नेणे या अर्थाचा. वाहन, प्रवाह त्यातूनच आले, आणि 'विवाह'सुद्धा. वाहक म्हणजे नेणारा, एवढंच. काय नेतो, चांगलं की वाईट, हे त्या शब्दात कुठेच नाही. मग तो कानाला बोचतो का? मला वाटतं, आरोग्य खात्याने रंगवलेल्या भिंतींमुळे. 'डास हा हिवतापाचा वाहक', 'रोगवाहक कीटक' हे आपण शाळेपासून वाचत आलो. इंग्रजीत डासासाठी वेगळा शब्द आहे आणि ताईसारख्या माणसासाठी वेगळा. मराठीत दोघांची सोय एकाच शब्दात केली गेली. त्यामुळे 'वाहक' ऐकलं की लागणीची भीती आपोआप मनात येते. थॅलेसेमियाची लागण होत नाही. एका ताटात जेवून नाही, एका घरात राहून नाही, कशानेच नाही.

हिमोग्लोबिन घडवणाऱ्या बीटा जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. ताईच्या एका प्रतीत बदल आहे, दुसरी प्रत आपलं काम नीट करते. तिचं हिमोग्लोबिन थोडं कमी राहू शकतं, पण वरचेवर रक्त चढवावं लागणारा जो आजार, तो तिला नाही आणि पुढेही होणार नाही. म्हणून मी 'थॅलेसेमियाची वाहक' याऐवजी 'जनुकवाहक' म्हणेन. काय वाहिलं जातंय ते त्यात स्पष्ट होतं. याच अवस्थेला 'थॅलेसेमिया मायनर' असंही म्हणतात, तो शब्द मात्र घरात वापरू नका. मायनर म्हटलं की लोकांना वाटतं, आजार आत्ता लहान आहे, उद्या वाढेल. सिकलसेल या रक्ताच्या अशाच आनुवंशिक आजाराच्या कामात 'वाहक' आणि 'ग्रस्त' (म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेला) अशी जोडी रुळली आहे, ती मला फार चांगली वाटते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हीमोफिलिया आणि सिकलसेल आजार धरले आहेत, ते ग्रस्तांसाठी; नुसत्या वाहकाला कायदा आजारी मानत नाही.

पण तुमच्या पत्रातला खरा घाव मला त्या नामात दिसत नाही, 'निघाली' या क्रियापदात दिसतो. आपण कधी म्हणतो निघाला, निघाली? आंबा नासका निघाला. नोट खोटी निघाली. जावई दारुडा निघाला. वरून चांगलं दिसत होतं, आत वेगळंच होतं, आपण फसलो, असा तो सगळा भाव आहे. 'ताई वाहक निघाली' म्हणताना, तिने काहीतरी लपवलं होतं आणि ते आता उघड झालं, असं न बोलता बोललं जातं. तिला स्वतःला मिरजेचा कागद हातात येईपर्यंत यातलं काही माहीत नव्हतं. 'ताई वाहक आहे' म्हणा. रक्तगट सांगताना आपण 'ओ पॉझिटिव्ह आहे' म्हणतो, तसं. एवढ्या बदलाने आरोप गळून पडतो आणि राहते ती निव्वळ माहिती.

आता 'आमच्या घरात घेऊन आली' याबद्दल. ताईची सासू ही तिच्या वडिलांची सख्खी बहीण. ताईचं हे जनुक वडिलांकडून आलं असेल, तर वडिलांना ते त्यांच्या आई-वडिलांपैकी एकाकडून मिळालं असणार, आणि तेच आत्याचेही आई-वडील. म्हणजे ज्या घरातून रोग आला म्हणतात ते आत्याचं स्वतःचं माहेर असू शकतं, आणि ती प्रत तिच्याकडे व तिच्याकडून दाजींकडेही आलेली असू शकते. हे आत्याला टोमणा म्हणून सांगू नका. एकाच आजी-आजोबांचं देणं दोन्ही घरांत आहे, असं सांगा. सातारा-सांगलीकडे मामाची मुलगी करणं ही जुनी रीत आहे, म्हणून हा हिशेब इथे प्रत्येकाला ठाऊक हवा: एक जण वाहक असेल तर त्याच्या सख्ख्या आतेमामे भावंडाकडे तेच जनुक असण्याची शक्यता आठात एक, शिवाय दुसऱ्या बाजूने आलेलं असेल तर ते वेगळं.

शब्दाचा आणि सांगण्याच्या पद्धतीचा माणसांच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, याचं एक उदाहरण ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावाचं. १९७० च्या दशकात तिथे सिकलसेलची तपासणी झाली. हेतू चांगला होता, पण धड समजावलं गेलं नाही आणि निरोगी वाहकांवरच ठपका बसला. लग्न जुळवताना लोक अहवाल लपवू लागले. आपल्याकडे स्थळं कशी बघतात हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून ताईचा अहवाल तिच्या परवानगीवाचून भावकीत फिरवू नका. तुमच्या धाकट्या भावंडांना तो कळणं गरजेचं आहे, कारण त्यांच्यातही ते जनुक असू शकतं; पण ते ताईनेच सांगावं, किंवा तिला विचारून तुम्ही.

आणि शब्दांच्या आधी एक काम. पत्रात दाजींच्या तपासणीचा उल्लेख नाही. एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी साधी रक्ततपासणी आहे. त्यात एचबीए२ या प्रकाराचं प्रमाण ३.५ टक्क्यांहून जास्त आलं तर माणूस बहुधा वाहक असतो. दाजींच्या दोन्ही प्रती नीट असतील तर बाळाला थॅलेसेमियाचा आजार होणार नाही. दाजीही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के, आणि ते कळायला गर्भाची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यापासून करता येते. गर्भ ठेवायचा की नाही हा पुढचा निर्णय ताईचा आणि दाजींचा, पण त्याला कायद्याने साधारणपणे आठवड्यांची मर्यादा असते. याच आठवड्यात दाजींना घेऊन मिरजेला जा.