आधी गल्ली, मग भिंत

प्रिय पोरी,

तुझं रेखाटन आणि भिंतीचे फोटो दोन्ही मिळाले. दक्षिण फिलाडेल्फियात, नाइन्थ स्ट्रीटच्या बाजाराच्या इतक्या जवळ भिंत मिळाली, मला फार आनंद झाला. तुझा हात चांगला आहे, ते मी वेगळं सांगायला नको. पण रेखाटन बदलावं लागेल.

अंगण, तुळस, मोर, डोक्यावर घागर घेतलेली बाई आणि उजवीकडे वारली चित्रांतलं तारपा नाचाचं वर्तुळ. 'आपलेपणा' हा विषय मिळाला की बाहेरून आलेला चित्रकार आधी मागे राहिलेलं घर काढतो. ती ओढ खरी आहे, ती दाबू नकोस, कॅनव्हासवर मनसोक्त काढ. ही भिंत मात्र ज्यांच्या खिडकीसमोर आहे, त्यांना पुढची वीसेक वर्षं रोज बघायची आहे. त्यांनी तुला तुझ्या घराबद्दल अजून विचारलेलं नाही. आधी तू त्यांना त्यांच्या घराबद्दल विचार.

तारप्याचं जरा वेगळं लिहिते. भारतीय चित्रकार म्हटला की इथल्या आयोजकांना वारली आकृत्या हव्याच असतात. तू सांगलीची, शिकलीस जे. जे.मध्ये. डहाणू-तलासरीकडे वारली बाया लग्नघरात तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, तेव्हा लग्न लागतं. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, ते त्या घरातले होते म्हणून. आपण दोघी तिथे पाहुण्या. आपलेपणाच्या चित्राची सुरुवात दुसऱ्याच्या देवघरातून उचललेल्या खुणेने व्हावी, हे मला पटत नाही.

त्या बाजारात इटालियन लोक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून आले. 1975 नंतर युद्धामुळे घरदार सुटलेले व्हिएतनामी आणि कंबोडियन आले. मग मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यातले, त्यातही सान मातेओ ओसोल्को या एकाच गावची कितीतरी माणसं. कृष्णवर्णीय कुटुंबं तर आसपास पिढ्यान् पिढ्या आहेत. ही सगळी नावं चित्रात ओळीने उभी करायची नाहीत. राष्ट्रीय पोशाखातली माणसं हात धरून उभी, असल्या भिंती या शहरात भरपूर आहेत आणि त्यांच्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. लोकांना 'तुम्ही कुठले' विचारू नकोस. या रस्त्यावर पहिलं काम कुठे लागलं, उधारी कोण देत होतं, कुठल्या दुकानात जायचं टाळत होता, असं विचार. खरं तिथून निघतं.

त्याच बाजारात 1995 साली फ्रँक रिझो यांचं मोठं भित्तिचित्र झालं होतं. रिझो आधी या शहराचे पोलीस आयुक्त, मग 1972 ते 1980 महापौर. कित्येक इटालियन घरांना तो आपला माणूस वाटे. कृष्णवर्णीय शेजाऱ्यांना त्या चेहऱ्यात पोलिसांची दांडगाई दिसे. चित्रावर अनेकदा रंग फेकला गेला, आणि शेवटी जून 2020 मध्ये ते रंग मारून झाकलं. एका घराला जे आपलं वाटतं, ते शेजारच्या घराला धमकी वाटू शकतं. बैठकीत हा विषय निघेल. निघाला की गप्प बसून ऐक.

आता हातातल्या कामाबद्दल. तुला शिडीवर एकटीने रंगवायची हौस आहे, ती जरा आवर. इथली पद्धत शिकून घे. 1984 साली ग्राफिटी थांबवण्यासाठी जो उपक्रम सुरू झाला, त्यात जेन गोल्डन यांनी भिंती रंगवणाऱ्या पोरांनाच ब्रश दिले. त्यातूनच पुढे शहराचा भित्तिचित्र कार्यक्रम उभा राहिला. इथे चित्र 'पॅराशूट क्लॉथ' या पातळ कापडाच्या साधारण पाच फुटी चौकोनांवर उतरवतात, प्रत्येक आकाराला रंगाचा नंबर देतात आणि शाळेत, वृद्धांच्या केंद्रात, अगदी तुरुंगातही लोक ते रंगवतात. मग ॲक्रिलिक जेलने तुकडे भिंतीवर चिकटवतात. ज्या आजींना शिडी चढता येत नाही, त्याही टेबलाशी बसून भिंत रंगवतात.

अशाच एका रंगवायच्या दिवशी एक निवृत्त इटालियन खाटीक आणि तमाले हा मेक्सिकन पदार्थ विकणाऱ्या बाईचा मुलगा एकच तुकडा रंगवत बसले होते. त्यावर दुकानाचं कापडी छत होतं. म्हातारबुवा म्हणाले, हे हिरवं होतं. मुलगा म्हणाला, लालच आहे, मी रोज त्याखाली उभा असतो. दोघेही बरोबर होते, दुकानाचा मालक बदलला होता. मी नंबर खोडला आणि दोघांना दोन्ही रंग दिले. लालाखालून हिरव्याची कड दिसते, ती आजही आहे. तुझ्या टेबलावर असं भांडण झालं तर ते मिटवायची घाई करू नकोस.

आणि कंत्राट. भित्तिचित्रकार सिकेरोस मेक्सिकोतून लॉस एंजेलिसला आले होते. 1932 साली ऑल्वेरा स्ट्रीटवर 80 फूट लांब भिंत मिळाली. मागणी होती रम्य उष्णकटिबंधाची. त्यांनी मधोमध क्रुसावर चढवलेला आदिवासी मजूर काढला आणि वर गरुड. चित्राला चुना फासला गेला, व्हिसाची मुदतही वाढली नाही. ते चित्र लोकांना पुन्हा बघायला मिळालं 2012 साली. तेव्हा पैसे घेण्याआधी तुझ्या व्हिसात हे काम बसतं का, ते वकिलाला विचार, मैत्रिणीला नाही.

1990 च्या फेडरल कायद्याने चित्रकाराला काही हक्क आहेत. न्यूयॉर्कच्या फाइव्हपॉइंट्झ इमारतीवरची चित्रं मालकाने 2013 मध्ये रातोरात पांढरी केली, तेव्हा 2018 मध्ये कोर्टाने 21 कलाकारांना सुमारे 67 लाख डॉलर भरपाई दिली. पण कंत्राटात हे हक्क सोडून द्यायचं कलम बरेचदा असतं. तुझ्यात आहे का, बघ. सही करण्याआधी मला पाठव.

फोटोत भिंतीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ओल दिसते. शेजारचं घर पाडल्यावर उघडी पडलेली ही सामाईक भिंत आहे. तिची वीट पावसासाठी बांधलेलीच नव्हती. पन्हळ आधी दुरुस्त करून घे, मग गिलावा, मग काही पाऊस पडून गेल्यावर भिंत कोरडी राहते का, बघ. नाहीतर कापडाला फुगे येतील. शिवाय समोरचा मोकळा प्लॉट कुणाचा आहे? तिथे इमारत उठली तर चित्र विटांआड जाईल. शहराच्या नोंदीत मालकाचं नाव सापडतं. ते काढून ठेव. शनिवारी सकाळी मी येते, शिडी तू बघ.

तुझी,
ताई