दोघी सुखरूप आहोत, मग मला विसरता का येत नाही?

प्रश्न : माझी मुलगी सात महिन्यांची आहे. बुधवारी रात्री कळा सुरू झाल्या आणि ती जन्मली शुक्रवारी पहाटे. कळा पोटात कमी, कमरेत जास्त. दोन कळांच्या मध्येही कंबर सुटत नव्हती. पिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडलं आणि तिथेच अडलं. 'तासाला एक सेंटीमीटर व्हायला हवं,' हे प्रत्येक तपासणीला ऐकत होते. मग सलाइनमधून कळा वाढवायचं औषध लावलं. घरच्या कोणालाही आत येऊ दिलं नव्हतं. दोन तासांहून जास्त जोर लावला तरी बाळ खाली सरकेना, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "सगळ्या बायकांना जमतं, तुलाच कसं जमत नाही?" शेवटी बाळाच्या डोक्याला व्हॅक्यूम लावून तिला ओढून बाहेर काढलं. डॉक्टर जाता जाता म्हणाले, बाळ वर तोंड करून आलं. बस, एवढंच.

सगळे म्हणतात, दोघी सुखरूप आहात, आता विसर. पण लेबर रूममधल्या मशीनसारखा आवाज कुठे ऐकला की माझ्या छातीत धडधडतं. त्या हॉस्पिटलचा रस्ता मी टाळते. नवऱ्याने दुसऱ्या मुलाचं नाव काढलं की उठून जाते. माझं कुठे चुकलं?

उत्तर : कुठेच नाही. तुमची समजूत घालायची म्हणून हे लिहीत नाही. कारण तुमच्याच पत्रात आहे. कमरेतल्या कळा आणि वर तोंड करून आलेलं बाळ, या बरेचदा एकाच गोष्टीच्या दोन बाजू असतात.

बहुतेक बाळं आईच्या पाठीकडे तोंड करून, हनुवटी छातीला टेकवून येतात. अशा वेळी डोक्याचा साधारण साडेनऊ सेंटीमीटरचा भाग वाटेतून जातो. बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे असेल तर हनुवटी बरेचदा वर राहते आणि हेच माप साडेअकरापर्यंत जातं. ओटीपोटाच्या हाडांमधून वाट काढताना दोन सेंटीमीटर फार असतात हो. त्यात डोक्याचा मागचा कठीण भाग आईच्या माकडहाडाच्या वरच्या हाडावर दाबत राहतो, म्हणून कंबर सुटत नाही असं मानतात. अशी बरीच बाळं कळांमध्ये आपणहून वळतात. जन्मापर्यंत तशीच राहणारी शंभरात साधारण पाच. तुमची लेक त्यांतली. आईने जोर कमी लावला म्हणून बाळ वळत नाही, असं नसतं. तुम्ही दोन तासांहून जास्त जोर लावलात, तोही बुधवार रात्रीपासून कळा सोसून. मी कित्येक वर्षं लेबर रूममध्ये काढली आहेत, त्या ताकदीची किंमत मला माहीत आहे.

आता त्या 'तासाला एक सेंटीमीटर'बद्दल. हा हिशेब १९५५ साली फ्रीडमन या अमेरिकी डॉक्टरांनी पहिलटकरणींच्या कळांचे आलेख मांडले, तिथून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितलं की प्रत्येक बाईला हे माप लावू नये. त्यांच्या मते कळांचा खरा वेग धरतो तो पाच सेंटीमीटरनंतर, आणि तिथून पुढे पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत लागू शकतात. पाचच्या आधी किती वेळ जावा याला ठरलेली मर्यादाच नाही. चार सेंटीमीटरवर तुम्ही 'अडला' नव्हता. औषध नेमक्या वेळी लावलं का, हे मात्र कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही.

सिस्टर जे बोलल्या ते चूक होतं. दमल्या असतील, रात्रपाळी असेल, तरीही चूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच २०१८ च्या शिफारशींमध्ये सर्वांत पहिली शिफारस आहे ती बाळंतिणीला सन्मानाने वागवण्याची. तिच्या पसंतीचं माणूस सोबत असावं, हीसुद्धा आहे. तुम्हाला दोन्ही मिळालं नाही. बाळ सुखरूप आहे म्हणून ते भरून निघत नाही.

आवाजाने धडधडणं, रस्ता टाळणं, विषय निघाला की उठून जाणं, हे महिन्याहून जास्त टिकलं तर ती आघातानंतरची मानसिक अवस्था असू शकते. अवघड बाळंतपणानंतर ती होते आणि तिच्यावर उपचार आहेत, गोळ्यांशिवायचेसुद्धा. सात महिने तुम्ही एकटीने पुष्कळ सोसलंत. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या आणि इथे जे लिहिलंत तेच त्यांना सांगा. जीव नकोसा वाटला किंवा बाळाला काही करून बसेन असं मनात आलं, तर वेळ मिळायची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा.

दुसरं काम : बाळंतपणाच्या कागदांची प्रत मागा. कळा, पिशवीचं तोंड, बाळाचे ठोके असं सगळं वेळेनुसार मांडलेला तक्ता त्यात असायला हवा. तिथे पाऊल ठेववत नसेल तर नवऱ्याला पाठवा. मग विश्वासाच्या कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला तो ओळीने समजावून द्यायला सांगा. आठवणीत एकमेकांत मिसळलेले तास कागदावर वेगळे दिसले की पुष्कळ जणींचं ओझं हलकं होताना मी पाहिलंय.

दुसऱ्या खेपेला कळा बहुतेकदा कमी वेळ चालतात, आणि पुढचं बाळ असंच वर तोंड करून येईल असं नाही. पण हे लिहून मी तुम्हाला दुसऱ्या मुलासाठी तयार करत नाही. तो विषय तुम्ही स्वतः काढेपर्यंत घरात कोणी काढू नये. हे पान नवऱ्याला वाचायला द्या.